व्हर्लिनचे चार ठिपके

व्हर्लिन टॅकेटला स्वस्थ बसलेलं पाहायचं असेल तर शाळेच्या बसमध्ये चढावं लागे. एरवी तो बसत नसे, टेकत असे. चर्चमध्ये शेवटच्या बाकाच्या कडेला, कॉयच्या दुकानात काउंटरच्या कोपऱ्याला, आणि घरी जेवताना अर्ध्या खुर्चीवर. उरलेली अर्धी बहुधा कुणी पाहुणा येईल म्हणून राखून ठेवलेली. त्याची बायको ओलेटा म्हणायची, "लग्न केलं तेव्हा वाटलं होतं, दमेल कधीतरी." पण पिवळ्या बसचं चाक हातात आलं की हाच माणूस पोत्यातल्या बटाट्यासारखा स्थिर होई. मागे पोरं एकमेकांची दप्तरं खिडकीबाहेर धरत असत, हा आरशात एकदा बघे, आणि दप्तरं आत येत.

बेकर्स फोर्डच्या बाहेरचे रस्ते खडीचे. ओढ्यांवरचे पूल बुटके, कठडे नसलेले. पाणी चढलं की पूल आणि ओढा यांतला फरक ज्याचा त्याने ओळखायचा. गावातल्या दोन पिढ्या व्हर्लिनने या पुलांवरून शाळेत नेऊन परत आणून दिल्या होत्या. "व्हर्लिन डोळे मिटूनसुद्धा बस नेईल," असं आमच्याकडे म्हणत. कौतुकाने म्हणत. त्या वाक्याचा शब्दशः अर्थ घ्यायची वेळ येईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

बसवाल्यांची सरकारी तपासणी असते. कान, रक्तदाब, डोळे. व्हर्लिनची पुढची तपासणी ऑगस्टात होती. त्या वर्षी मार्चमध्ये ओलेटा माझ्याकडे टोमॅटोची रोपं मागायला आली आणि रोपं हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली.

"त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय," ती म्हणाली. "दिव्यांना मिशा फुटल्यात म्हणतो."

"मग नेऊया की."

"जाईल तर ना! म्हणतो, डॉक्टरकडे गेलं की डॉक्टर लिहितो. लिहिलं की ते शाळेला कळतं, आणि शाळेला कळलं की बस गेली. आणि बस गेली तर हा दिवसभर माझ्या घरात." तिने रोपांकडे पाहिलं. "मला त्याची दया येते, गैरसमज नको. पण थोडी स्वतःचीही येते."

त्याच आठवड्यात टॅकेटांच्या कोठारात चोरी झाली. बॅटरी चार्ज करायचं यंत्र गेलं आणि कुत्र्याच्या खाण्याचं अर्धं पोतं गेलं. शेरीफच्या कचेरीतून एक पोरगेलासा डेप्युटी आला, कोठारात डोकावला आणि म्हणाला, "चोराकडे कुत्रा असणार." या निष्कर्षानंतर तपास थांबला.

व्हर्लिनचा मात्र सुरू झाला. तो सारखा घराभोवती फिरू लागला. खिडक्या बंद आहेत ना पाहायचा, मग बंद का आहेत म्हणून उघडायचा. कपाटातलं पिस्तूल त्याने काढलं, पुसलं, अंधाऱ्या खोलीत हात लांब करून धरलं, आणि त्याच्या लक्षात आलं की नेम कुठे धरायचा तेच दिसत नाही. पिस्तुलाच्या टोकाला एक बारीक खुंट असतो आणि मागे एक खाच. खाचेच्या मधोमध खुंट आला की नेम जुळला. हे सगळं काळं, काळ्यावर काळं. यात त्याला स्वतःच्या डोळ्यांचा काही दोष दिसला नाही. दिसला असता तरी त्याने तो पिस्तुलावरच घातला असता. आमच्याकडे माणूस म्हातारा होत नाही, त्याच्या वस्तू जुन्या होतात.

"रात्रीचे ठिपके बसवून घेतो," तो ओलेटाला म्हणाला.

"चष्मा बसवून घे," ओलेटा म्हणाली. पण ती पाठमोरी होती आणि नळ चालू होता, तेव्हा हे ऐकू आलं नाही असं मानायला त्याला जागा होती.

कॉय लॅम्बेथच्या दुकानावर पाटी आहे: 'बंदुका व गळाची आमिषं'. आत शिरताना डावीकडे जिवंत मासळीची टाकी, उजवीकडे रायफली, आणि मध्ये कॉफीचं भांडं. कॉफी फुकट असते आणि चवीलाही तशीच लागते. मी शाळेत इतिहास शिकवायचो, निवृत्त झाल्यापासून सकाळी तिथे जातो. डॉयल स्प्रेग असतो. हा पूर्वी गॅसच्या टाक्यांचा ट्रक चालवायचा, आता बदली बसवाला म्हणून शाळेच्या यादीत नाव ठेवून आहे. व्हर्लिन कधी आजारी पडत नसल्यामुळे ही नोकरी म्हणजे मोठा आरामच होता.

रात्रीच्या ठिपक्यांचा विषय काढणं म्हणजे आमच्याकडे धर्माचा विषय काढणं. काचेच्या इवल्या नळीत चमकणारा वायू कोंडलेला असतो, ना बॅटरी लागते ना ऊन. इथवर सगळ्यांचं एकमत. पुढे पंथ सुटतात. डॉयल तीन हिरव्या ठिपक्यांचा: एक पुढे, दोन मागे, तिन्ही एका ओळीत आले की झालं. कॉय म्हणतो, मागचे ठिपके अवलक्षणी. घाईत डोळा त्यांच्यावरच जातो. त्याच्या मते मागे काळं, पुढे एकच ठिपका, भोवती नारिंगी कडं. आमच्या गावात बाप्टिस्ट ख्रिस्ती दोन प्रकारचे आहेत आणि ते एकमेकांच्या लग्नाला जातात. तीन ठिपकेवाले आणि एक ठिपकावाले अजून तिथवर आलेले नाहीत.

"तुला काय दिसायला हवंय?" कॉयने विचारलं.

"चोर," व्हर्लिन म्हणाला. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता.

"चोर दिसायला टॉर्च घे. ठिपक्यांनी चोर दिसत नाही, नेम दिसतो."

"मग नेम दाखव."

"हिरवे तीन," डॉयल म्हणाला. "हा कॉय तुला नारिंगी गळ्यात मारेल. नारिंगी रंग शिकाऱ्यांच्या टोपीला शोभतो, दुसऱ्या कशाला नाही."

"तू कॉफी पी."

"पितोय. म्हणून तर इतकं कडू बोलतोय."

हिरवे तीन ठरले. कॉयने स्क्रूच्या दाबयंत्रात पिस्तूल धरलं, मागची जुनी खाच हळूहळू बाजूला सरकवून काढली, नवी सरकवली, डोळा बारीक करून मध्यावर आणली. व्हर्लिन हे बघायला थांबला नाही. दोनदा बाहेर जाऊन आला, एकदा टाकीतली मासळी मोजायला लागला.

दोन दिवसांनी तो परत आला.

"माल खराब आहे," तो म्हणाला. "पुढच्या ठिपक्याच्या डोक्यावर आणखी एक ठिपका आहे. पुसट. भुतासारखा."

"कुठे बघितलंस?"

"तळघरात." आमच्याकडे घराशेजारी जमिनीत वादळात लपायचं तळघर असतं, भर दुपारीसुद्धा आत काळोख. ओलेटाच्या लोणच्यांच्या बरण्यांमध्ये उभं राहून व्हर्लिनने चार ठिपके पाहिले होते.

कॉयच्या दुकानातही एक अंधारी जागा आहे: संडास. खिडकी नाही. चमकणारा माल गिऱ्हाइकांनी तिथेच पारखायचा अशी रीत आहे. पाहुण्यांना ती विचित्र वाटते, आम्हाला नाही. कॉयने पिस्तूल रिकामं केलं, आत बोट घालून पुन्हा रिकामं असल्याची खात्री केली, आणि आत जाऊन दार लावलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे माणसाला त्याच्या गाडीबद्दल, कुत्र्याबद्दल, मताबद्दल काहीही बोलता येतं. त्याच्या डोळ्यांबद्दल बोलता येत नाही. ज्याला दिसत नाही त्याला बंदूक झेपत नाही, गाडी झेपत नाही, आणि मग तो पोर्चवर बसतो. कुणाला पोर्चवर पाठवायचं पाप कुणी स्वतःच्या माथी घेत नाही. त्यापेक्षा त्याला दुसरा माल देणं सोपं.

"हल्ली माल असाच येतो," कॉय म्हणाला.

"जुना मालक गेल्यापासून कंपनी बुडाली," डॉयल म्हणाला. कंपनीचा मालक कोण होता हे त्याला ठाऊक नव्हतं, पण ते वाक्य आमच्याकडे कशालाही चालतं. आणि ते आमच्या सगळ्या मतांशी इतकं जुळत होतं की ते खोटं असेल असं कुणाला वाटलंच नाही.

ठिपक्यांचा दुसरा जोड आला: पुढे हिरवा, मागे पिवळे. व्हर्लिनला दोन हिरवे दिसले. तिसरा आला, कॉयच्या पंथाचा, मागे काळं आणि पुढे नारिंगी कड्यातला एकच. व्हर्लिनला दोन कडी दिसली, एकावर एक, बुंध्यावर खार चढावी तशी. प्रत्येक वेळी तो माल परत आणी, प्रत्येक वेळी कॉय संडासात जाऊन येई आणि कंपन्यांना शिव्या घाली. दरम्यान व्हर्लिन वाळत चालला. काउंटरला टेकला की त्याची बोटं काचेवर तबला वाजवत. पाऊस पडला की तो दारात जाऊन ओढ्याच्या दिशेला बघे. सकाळी बस मात्र वेळेवर निघे, फक्त पूर्वीपेक्षा हळू जाई. पोरं खूश होती. शाळेचा पहिला तास रोज थोडा थोडा वाया जात होता.

चौथा जोड पुन्हा हिरव्या तिघांचा, वेगळ्या कंपनीचा. तो लावला त्या सकाळी व्हर्लिन फेरी संपवून थेट दुकानात आला आणि पिस्तूल घेऊन संडासात गेला. बराच वेळ आला नाही. आला तो लाल होऊन.

"चार!" तो म्हणाला. "कॉय, मी आता कंपनीला पत्र लिहिणार. तुम्ही साक्षीदार. सगळ्यांनी आत जा आणि मोजा."

"जाऊ दे ना," कॉय म्हणाला. "मी बदलून देतो."

"बदलून नको. मोजा. मी खोटं बोलतोय का ते एकदा कळू दे सगळ्यांना."

आता जाण्यावाचून इलाज नव्हता. पहिला डॉयल गेला. बाहेर येऊन त्याने मासळीच्या टाकीशी बोलायला सुरुवात केली. "सांगणं कठीण आहे. माझा चष्मा घरी राहिलाय."

चष्मा त्याच्या नाकावर होता.

मी गेलो. काळोखात तीन हिरवे ठिपके एका रेषेत उभे होते, शाळेच्या वर्गात बसलेल्या तीन शहाण्या मुलींसारखे. मी बाहेर येऊन म्हणालो की आतला नळ गळतोय. तो खरोखरच गळत होता.

"मी दुकानदार," कॉय म्हणाला, "माझी साक्ष कोण धरणार?"

"मग ज्याची धरता येईल असा माणूस आणा!" व्हर्लिन ओरडला.

नेमकी तेव्हाच रेनेल पॉस्टन दारातून आत आली. रेनेल ओढ्यापलीकडे राहते, नवरा तेलाच्या विहिरींवर असतो, घरचं सगळं तीच बघते, मासे धरण्यासकट. तिला आमिषाला रातकिडे हवे होते.

"रेनेल," व्हर्लिन म्हणाला, "जरा संडासात जाऊन ये."

"गुड मॉर्निंग तुम्हालाही, मिस्टर व्हर्लिन."

कॉयने तिला समजावलं. तिने पिस्तूल घेतलं, रिकामं आहे ना ते स्वतः पाहिलं, आत गेली आणि एक श्वास घ्यावा इतक्या वेळात बाहेर आली.

"तीन. रातकिडे मोठे द्या हं, मागच्या वेळचे अर्धपोटी होते."

"आणि वरचा?" व्हर्लिनने विचारलं.

"वरचा कुठला?"

"पुढच्याच्या डोक्यावरचा. पुसट."

"डोक्यावर काही नाही. पुढे एक, मागे दोन. तीनच असतात ना?" तिने कॉयकडे पाहिलं. कॉय रातकिड्यांच्या डब्यात पाहू लागला. मग तिने डॉयलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आम्हा तिघांच्या चेहऱ्यांवरून तिला सगळं कळलं.

"मिस्टर व्हर्लिन," ती म्हणाली, आवाज न चढवता, "माझ्या दोघी तुमच्या बसमध्ये असतात."

"मला माहीत आहे. लहानी पायरीवर नेहमी अडखळते."

"आमच्या ओढ्यावर तुम्हाला किती पूल दिसतात?"

व्हर्लिनची बोटं काचेवर वाजत होती, ती थांबली.

"एक," तो म्हणाला.

रेनेलने पिस्तूल काउंटरवर ठेवलं.

"पावसात दोन," तो म्हणाला. "मी खालच्यावरून नेतो. खालचा खरा असतो."

"आणि हे तुम्हाला कसं कळलं?"

व्हर्लिनने दाराबाहेर, ओढ्याच्या दिशेला पाहिलं. उत्तर आम्हा सर्वांनाच सुचत होतं आणि ते ऐकायला कुणी तयार नव्हतं. डॉयल पुटपुटला, "डोळे मिटूनसुद्धा नेईल तो..." आणि आपण काय म्हणतोय हे लक्षात येऊन गप्प झाला.

"हो," रेनेल म्हणाली. "तीच तर भीती आहे."

व्हर्लिनने पट्ट्याला अडकवलेल्या बसच्या किल्ल्या काढल्या. त्या काढायला त्याला वेळ लागला. कडी घट्ट होती, किंवा दोन दिसत होत्या. त्याने त्या डॉयलपुढे ठेवल्या.

"दुपारची फेरी तू ने. क्लच उशिरा धरतो. आणि पॉस्टनांच्या पुलावर..."

"खालच्यावरून नेतो," डॉयल म्हणाला. हा विनोद होता की काय ते त्यालाही ठाऊक नसावं. व्हर्लिन हसला नाही, पण मारायलाही धावला नाही.

रेनेलने रातकिडे घेतले. दारातून वळून म्हणाली, "पायरीवर हिरवी पट्टी मारून घेते मी. अडखळणार नाही लहानी." आणि गेली.

मे महिना संपेपर्यंत व्हर्लिन रोज बसमध्ये जात राहिला, फक्त डॉयलच्या मागच्या पहिल्या सीटवर, टेकून. डॉयल सांगतो, तो काळ त्याच्या आयुष्यातला सर्वांत लांबलचक. "ब्रेक दाब." "दाबलाय." "अजून दाब." "अजून दाबला तर पोरं माझ्या मांडीत येतील." पोरांनी डॉयलला नाव ठेवलं 'हातमोजा', कारण आतला हात व्हर्लिनचा.

शहरातल्या दवाखान्यात त्याला मी नेलं, कारण मोठ्या रस्त्यावर ओलेटा गाडी चालवत नाही आणि व्हर्लिन दुसऱ्याला चालवू देत नाही. मधला मार्ग मी. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, उजवा जास्त. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या उडणाऱ्या गुडघ्याकडे बघत बोलत होत्या.

"आतलं भिंग बदलायचं, मिस्टर टॅकेट. नवं भिंग एकाच अंतराला जुळवता येतं. लांबचं स्वच्छ हवं, की जवळचं? उरलेल्याला चष्मा."

व्हर्लिनचा गुडघा थांबला. त्याने दोन्ही हात सरळ पुढे केले, बोटं एकमेकांत गुंफली आणि अंगठ्यांच्या टोकाकडे पाहिलं.

"एवढं," तो म्हणाला.

"एवढं म्हणजे?"

"पिस्तुलाच्या टोकाएवढं," मी म्हणालो. बाईंना नवल वाटलं नाही. आमच्या भागातली माणसं त्यांच्याकडे खूप येत असावीत.

"करता येईल," त्या म्हणाल्या. "पण मग रस्ता धूसर. बसमध्ये चष्मा लावूनच चालवावं लागेल. विचार करा, घाई नाही."

घाई नाही हे त्या कुणाला सांगत होत्या हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुढचा आठवडा व्हर्लिनने उभ्यानेच काढला. कोठाराकडे जाई, परत येई. कॉयच्या दुकानात तिथल्या पंथांनी त्याला सल्ले दिले. कॉय म्हणाला, टोक स्वच्छ तर सगळं स्वच्छ. डॉयल म्हणाला, एक डोळा टोकाला, एक रस्त्याला. "मग रस्त्यावर चोर आला तर कुठल्या डोळ्याने?" कॉयने विचारलं, आणि त्यावर ते दोघे तासभर भांडले. व्हर्लिन ऐकत नव्हता.

"चष्मा धुकटतो," तो मध्येच म्हणाला. "हिवाळ्यात पोरं ओली होऊन चढतात आणि काच आतून धुकटते, तेव्हा चष्माही धुकटतो. तेव्हा पुसायला हात कुठला आणायचा?"

"आणि चोर आला तर?" डॉयल म्हणाला.

"चोराला म्हणेन थांब, चष्मा घेतो. तो थांबेल नाहीतर पळेल. पोरं थांबतही नाहीत आणि पळतही नाहीत. मागे बसलेली असतात."

त्याने रस्ता निवडला. आधी उजवा डोळा, मग डावा.

जूनमध्ये एका सकाळी त्याने मला कोठारात बोलावलं. दार ओढून घेतलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. बॅटरी चार्ज करायचं यंत्र खिळ्याला टांगलेलं होतं, काळ्या फळ्यांवर काळं.

"कुणी आणून ठेवलं?" मी विचारलं.

"कुणी नेलंच नव्हतं," तो म्हणाला. "तिथेच आहे. धूळ बघ." तो खिळ्यासमोर येरझाऱ्या घालत होता. "डेप्युटीला काय सांगू?"

"सांग की चोराला पश्चात्ताप झाला."

"आणि कुत्र्याचं खाणं?"

कुत्रा दारात आडवा पडला होता. आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. तो बराच जाड झाला होता.

ऑगस्टातली तपासणी तो पास झाला. परत येताना कॉयच्या दुकानात थांबला, चौथा जोड लावलेलं पिस्तूल घेऊन संडासात गेला, आणि या वेळी लगेच बाहेर आला.

"तीन," तो म्हणाला. "कापसाच्या बोळ्यांसारखे. पण तीन."

"परत करतोस?" कॉयने विचारलं.

"माल ठीक आहे," व्हर्लिन म्हणाला. कंपनीबद्दल इतकं चांगलं आमच्या दुकानात त्यानंतर कुणी बोललेलं नाही.

शाळा उघडली त्या सकाळी मी बसमध्ये होतो. त्याने बोलावलं होतं. कारण सांगितलं नाही. तो चाकामागे पूर्ण सीटभर बसला होता. पॉस्टनांच्या वळणावरून ओढा दिसू लागला, पूल दिसला, आणि पुलापलीकडे टपालपेटीजवळ रेनेल दोघी मुलींना घेऊन उभी. बस अजून बरीच लांब होती. तिने हात वर केला. मला वाटलं, रामराम करते आहे. पण हात हलत नव्हता. तिने काही बोटं धरली होती, किती ते मला तिथून दिसेना.

व्हर्लिनने भोंगा वाजवला. चार वेळा, सावकाश.

रेनेलने हात खाली घेतला आणि लहानीला पुढे ढकललं.

"भोंगा वाजवायला शाळेची मनाई आहे," मी म्हणालो.

"उतरल्यावर तक्रार कर," व्हर्लिन म्हणाला, आणि बस पुलावर घातली.